मागं बघायचं बटण

१

दुपारी वडिलांना भरवून झालं की कृपा ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसायची, त्यांना कुशीवर वळवून पाठीशी उशी खोचायची, पंखा बारीक करायची आणि खोलीचा पडदा ओढून हॉलमध्ये यायची. मग टीव्हीखालच्या कपाटातून सॅमचा कंट्रोलर काढून ती दिवाणावर मांडी घालून बसायची, आणि पुढचा अर्धा तास मोटरसायकल पळवायची.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. चाळिशीला टेकलेली बाई, काल-परवापर्यंत शाळेत विज्ञान शिकवणारी, रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेणारी. ती भर दुपारी पोरांचा व्हिडिओ गेम खेळते हे सांगायचं तरी कुणाला? दाराची कडी वाजली की ती कंट्रोलर लोडाखाली सारायची आणि टीव्हीवर बातम्या लावायची.

सॅम तिचा धाकटा भाऊ. लग्नानंतर तो पुण्याला गेला तेव्हा जुना कन्सोल राहुरीच्या या घरातच टाकून गेला. त्यात मोटरसायकल रेसचा एकच गेम उरला होता. एकदा धूळ पुसताना तिनं तो सहज लावून पाहिला. पहिल्याच वळणावर ती रस्त्याबाहेर जाऊन आपटली, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. मग हात बसला. गाडी वळणात किती कलवायची, ब्रेक कधी सोडायचा, पुढच्याला आतल्या बाजूनं कसं काढायचं, सगळं जमायला लागलं. समुद्राकाठचे रस्ते होते, डोंगरातले होते, देवदारांच्या सावल्यांतून जाणारे होते. त्या रस्त्यांवर तिला हाक मारणारं कुणी नव्हतं.

कंट्रोलरवर मागं बघायचं एक बटण होतं. ते दाबून धरलं की गाडी पुढंच धावायची, पण टीव्हीवर मागचा रस्ता दिसायचा. कृपानं ते कधी वापरलं नव्हतं. मागं राहिलेल्यांशी तिला काय करायचं होतं?

समोरच्या गोजरबाई रोज कोथिंबीर नाहीतर मेथीची जुडी घेऊन यायच्या आणि उंबऱ्यातूनच पडद्याकडं बघून हात जोडायच्या.

"पोरी, बापाचं करावं तर तुझ्यावानी," त्या म्हणायच्या. "मी आमच्या सुनांना रोज सांगती. म्हन्ते, जाऊन बगा त्या किरिस्तावाच्या पोरीकडं."

"कशाचं काय, मावशी," कृपा म्हणायची. लोडाखाली कंट्रोलर तिच्या मांडीला टोचत असायचा.

२

तिचे वडील शांतवन मास्तर. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. पण गावात लोक त्यांना ओळखायचे ते वेगळ्याच कारणासाठी. कुणाच्या दुकानाची पाटी रंगवायची असो, कुणाला दवाखान्यात पोचवायचं असो, कुणाच्या घरी मयत होऊन रात्र काढायची असो, मास्तरांना हाक मारली की आतून आवाज यायचा, "आलो." आणि पायात एक चप्पल, दुसरी घालता घालता ते बाहेर पडलेले असायचे.

गेल्या वर्षी न्हाणीघरात ते कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी एखादा शब्द शिल्लक राहतो. सगळ्यात जास्त वापरलेला. तसंच झालं. महिन्याभरानं मास्तरांच्या वाकड्या ओठांतून एक शब्द फुटला. "आलो."

पाणी हवं असलं तरी आलो. लघवी झाली तरी आलो. दुखलं, खाजलं, डास चावला, आलो. आवाजाच्या चढउतारावरून काय हवंय ते ओळखायला कृपा लवकरच शिकली. शाळा सोडून ती घरी राहिली होती, आणि सुरुवातीला तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग त्या हाका वाढल्या. ती पीठ मळत असली की "आलो". आंघोळीला गेली की "आलो". हात पुसत धावत जावं तर पाणी नको, भांडं नको, काहीच नको. मास्तर डाव्या हातानं तिचं मनगट धरायचे आणि नुसते बघत राहायचे. त्यांना एकट्यानं पडून राहायची भीती वाटते, हे तिला कळत होतं. कळूनही ती मनगट सोडवून घ्यायची, आणि पडद्याबाहेर पाऊल टाकते न टाकते तोच पुन्हा, "आलो."

सॅमच्या कपाटात कानांवर बसणारे जाड गोल हेडफोन होते. इंजिनांच्या आवाजानं पप्पांची झोप मोडू नये म्हणून आपण ते लावतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते लावले की बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. अगदी काहीच नाही.

३

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावरून गेला, तो तिला दिवाणाच्या थरथरीवरून कळला. टीव्हीवर डोंगरातला रस्ता होता. एका वळणावर तिनं गिअर उतरवला, इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसला, आणि त्या फटीतून ऐकू आलं.

"आलो."

तिनं हेडफोन ओढून काढले. घर शांत होतं. पडदा सारून पाहिलं तर मास्तर तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, घोरत होते.

यात नवल करण्यासारखं काही नाही, असं तिनं ठरवलं. रोज कुकर लावणाऱ्या बाईला कुकर नसतानाही शिट्टी ऐकू येते. दिवसभर एकच शब्द कानावर आदळला तर कान तो स्वतःच वाजवायला लागणार. मुलांना तिनं हेच शिकवलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. आता तिला टोचत होती ती वेगळीच गोष्ट. हेडफोनमध्ये आवाजांना जागा असते. डावीकडून गाडी गेली तर डाव्या कानात घुमते. मास्तरांची खोली दिवाणाच्या मागं, उजव्या हाताला होती. हाक तिथून येत नव्हती. ती बरोबर पाठीमागून यायची, आणि रस्ता वळला की तीही वळायची. घाटाचा रस्ता उलटा फिरून वर चढला की ती खालच्या अंगाला, बाजूनं ऐकू यायची. गाडी जोरात हाणली की मागं पडायची. वेग कमी केला की जवळ यायची.

म्हणजे ती घरातून येत नव्हती. टीव्हीतल्या त्या रस्त्यावर कुणीतरी मागून येत होतं.

एके दुपारी तिनं शर्यत सुरू करून थोडं अंतर गाठलं आणि सरळ रस्त्यावर गाडी थांबवली. बाकीचे गडी एकामागून एक तिला ओलांडून निघून गेले. त्यांचे आवाज डोंगरापलीकडं विरले. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. खाली, लांबवर, चपलेचा आवाज आला. मग काहीतरी फरफटल्याचा. पुन्हा चप्पल. पुन्हा फरफट.

तिनं मागं बघायचं बटण दाबलं.

रस्ता रिकामा होता. ऊन, देवदारांच्या सावल्या, कडेची पांढरी रेघ. बटण दाबलेलं असेपर्यंत आवाजही बंद राहिला. ती नीट बघत राहिली, बोट दुखेपर्यंत. मग तिनं बटण सोडलं, आणि फरफट पुन्हा सुरू झाली. या वेळी पुष्कळ जवळून.

तिनं उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. आत जाऊन पाहिलं तर मास्तर जागे होते. पडद्याकडंच बघत होते.

"आलो," ते म्हणाले, आणि त्यांनी डावा हात पुढं केला. कृपानं तो धरला. त्यांची चादर ओली होती. केव्हाची ओली होती कोण जाणे. कडेनं वाळायलाही लागली होती.

४

नाताळला सॅम आणि त्याची बायको मोनिका आले. गच्चीवर कागदी तारा लागला, घरात करंज्यांचा वास भरला, मास्तरांना नवा सदरा घातला. दुपारी सॅमनं कपाट उघडलं.

"ताई, हा अजून चालतो?"

"मला काय माहीत," कृपा म्हणाली.

त्यानं गेम लावला आणि ओरडलाच. "अरे! माझे सगळे रेकॉर्ड कुणी मोडले?" मग तो वळला. तिचा चेहरा बघून त्याला कळलं, आणि तो दिवाणावर हात आपटून हसायला लागला. "ताई! तू? अगं, तू तर माझ्यापेक्षा भारी खेळतेस!"

"कधीतरी," ती म्हणाली. "पप्पा झोपले की."

"अगं, खेळ की! त्यात काय लाजायचं? दिवसभर घरात कोंडलेलीस." सॅमच्या मनात काही नव्हतं. त्यानं पडदा सारून वडिलांनाही सांगितलं, "पप्पा, ऐकलं का? तुमची लेक रेसर झालीय!"

मास्तरांनी कृपाकडं पाहिलं. त्यांचा उजवा डोळा नीट मिटत नसे, सतत पाझरत असे. डावा चांगला होता. त्या डाव्या डोळ्यानं त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, की त्यांना हे सांगायची काही गरज नव्हती हे तिला उमगलं. ते झोपलेले नसायचे. कधीच नसायचे.

"आलो," ते म्हणाले.

"बघ, किती खूश झाले," सॅम म्हणाला.

तिनं सॅमला हेडफोन लावून खेळायला लावलं. स्वतः मागं उभी राहिली. "काही वेगळं ऐकू येतं का रे?" तो म्हणाला, "मस्त आवाज आहे अजून." त्याला दुसरं काही ऐकू आलं नाही. ती सुटकेचा श्वास टाकणार होती, पण मग वाटलं, त्याला कसं येईल? त्याला कुठं कुणी हाक मारतंय?

संध्याकाळी मोनिका सासऱ्यांचे कपडे बदलायला मदतीला आली. कृपा नको नको म्हणत होती, तरी तिनं त्यांना कुशीवर वळवलंच. कमरेच्या खाली, माकडहाडावर, रुपयाएवढी लालसर जागा होती आणि मधोमध कातडी गेलेली होती.

"ताई, हे कधीपासून?"

"परवा दिसलं."

मोनिकानं कोमट पाणी मागितलं, जखम पुसली, औषध लावलं आणि सदरा खाली ओढला. हात धुऊन येताना तिची नजर दिवाणावरच्या हेडफोनवर गेली. तिथून ती कृपाकडं आली, आणि लगेच बाजूला झाली. आपल्याला काही दिसलं नाही असं दाखवायची ती घाई कृपाच्या फार जिव्हारी लागली.

५

पाहुणे गेल्यावर कृपानं कन्सोल माळ्यावर टाकला. दर दोन तासांनी वडिलांची कूस बदलली. हाकेसरशी गेली, मनगट धरू दिलं, त्यांच्याजवळ बसून स्तोत्रं वाचली. जखमेला खपली धरली. रविवारी प्रार्थनेत तिनं डोळे मिटून शब्द दिला, आणि तो खरोखर मनापासून दिला.

एका सकाळी उजाडल्यापासून हाका सुरू झाल्या त्या थांबेचनात. ती सतरा वेळा आत-बाहेर झाली. जेवण भरवताना मास्तरांनी घास थुंकला, तो तिच्या छातीवर पडला. तिनं त्यांचं तोंड पुसलं. मग स्टूल घेतलं आणि माळ्यावरून कन्सोल काढला.

पहिल्याच वळणाला मागून हाक आली. या वेळी तिनं गाडी थांबवली नाही. उलट पिळली.

त्या दिवसांत ती जशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती. मागून येणाऱ्याला चुकवायचं, एवढंच डोक्यात. हाक जवळ आली की हात आपोआप झरझर चालायचे, आणि ती मागं पडत पडत नाहीशी झाली की अंगातून गार वारा गेल्यासारखं वाटायचं. इथं तिला हाकेपासून पळता येत होतं. पुढं पुढं तिला भीतीही वाटेनाशी झाली. ती हाकेची वाट बघायला लागली, तिला मागं टाकता यावं म्हणून.

जानेवारी सरत आला होता. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि साऱ्या रस्त्यावर उसाची चिपाडं पडली होती. ती समुद्राकाठच्या रस्त्यावर होती, शेवटून दुसऱ्या फेरीत. हाक आली, "आलो." तिनं वेग वाढवला. हाक मागं पडली नाही.

"आलो. आलो."

तिनं आणखी पिळली. गाडी वळणाच्या कडेला घासून गेली. हाक तेवढ्याच अंतरावर होती. हाकेलाच धाप लागलेली होती. मग काहीतरी जड आपटल्याचा आवाज झाला. त्या गेममध्ये तसा आवाज नव्हता. तो सगळा गेम तिला पाठ होता.

"आलो… आलो… आ…"

तिला कळलं नाही, असं म्हणता येणार नाही. तिच्या बोटांना कळलं होतं, ती क्षणभर सैल पडली होती. पण पुढं एकच गाडी होती आणि शेवटची फेरी सुरू झाली होती. एवढी संपू दे, ती मनात म्हणाली. हे रोजचंच आहे, टीव्हीतलंच आहे. अंगाखालची चादर ओढल्यासारखी झाली, तेव्हा तिनं गुडघ्यानं ती दाबून धरली.

ती जिंकली. तिनं हेडफोन काढले.

घरात पंख्याचा आवाज होता, आणि त्याखाली कुणाच्या तरी श्वासाचा.

मास्तर दिवाणाच्या मागं, फरशीवर पालथे पडले होते. पडदा दांडीसकट खाली आला होता. खाटेवरून पडून, एका हातावर, ते खोली आणि निम्मा हॉल ओढत आले होते. त्यांच्या डाव्या मुठीत दिवाणाच्या चादरीचं टोक होतं. डोळे उघडे होते. ते तिच्याकडं बघत नव्हते, टीव्हीकडं बघत होते. तिथं तिचा गडी गाडीवर उभा राहून गर्दीला हात करत होता.

६

तिच्या ओरडण्यानं गोजरबाई धावत आल्या. "अगं माझे बाई! कसं पडलं गं? तू कुटं हुतीस?"

"मी किचनमध्ये होते," कृपा म्हणाली.

टीव्ही तिनं आधी बंद केला होता. मग ओरडली होती.

नगरला नेताना सॅमचा फोन आला, त्यालाही तिनं हेच सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं. पाळक भेटायला आले त्यांना सांगितलं. दर वेळी त्यात थोडी भर पडत गेली. चपात्या लाटत होते. कुकर लावला होता, शिट्टीत ऐकू आलं नाही. पुढं पुढं तिला तो कुकर दिसायलाही लागला, झाकणाशी फेस आलेला.

खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यात छाती भरली. दवाखान्यात मास्तर काही दिवसच होते. एवढ्या दिवसांत त्यांनी एकदाही तो शब्द काढला नाही. सॅमनं हाका मारून पाहिलं, नर्सनं गालावर टिचक्या मारून पाहिलं. कृपा उशाशी बसून त्यांचा डावा हात धरायची. तो हात धरू द्यायचा, पण धरायचा नाही.

मातीला सारं गाव लोटलं. ज्यांच्या पाट्या मास्तरांनी रंगवल्या होत्या ते दुकानदार आले. पाळकांनी कबरीजवळ सांगितलं, की मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या हाकेला ओ दिली आणि देवानं त्यांना तशीच लेक दिली. बायका कृपाला जवळ घेऊन रडल्या. एका म्हातारीनं तिचे दोन्ही हात उचलून डोळ्यांना लावले. कृपाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि त्या उघड्या खड्ड्यात आपल्यालाही घ्यावं. पण तिनं हात काढून घेतले नाहीत.

परत निघायच्या आदल्या दिवशी मोनिका ओट्याशी भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "ताई, तुम्ही इथंच होतात ना तेव्हा?"

"हो."

"मग ठीक आहे," मोनिका म्हणाली, आणि नळ मोठा सोडला.

७

सगळे गेले आणि घर रिकामं झालं. शाळेत परत ये म्हणून निरोप आला, ती गेली. दुपारी साडेचारला घरी यायची. खाट काढून टाकली होती. पडद्याची दांडी तेवढी पुन्हा बसवायची राहिली होती.

काही दिवस तिनं कपाटाकडं पाहिलंही नाही. मग एके दिवशी शाळेचे कपडेही न बदलता तिनं कन्सोल लावला. तिला खेळायचं नव्हतं. ती हाक ऐकायची होती, आणि या वेळी थांबायचं होतं. एवढंच.

डोंगरातल्या रस्त्यावर तिनं गाडी उभी केली. गडी निघून गेले. इंजिन गुरगुरत राहिलं. तिनं बटण दाबून मागं पाहिलं. ऊन, सावल्या, रिकामा रस्ता. ती बघत बसली. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर ती रोज शाळेतून येऊन त्या रस्त्यावर थांबत होती आणि मागं बघत होती, आणि रोज टीव्हीवर तीच सूचना येत होती, की वेळ संपला, तुम्ही शर्यतीतून बाद झालात.

मग तिच्या लक्षात आलं. मागं बघत असताना आवाज तेव्हाही येत नव्हता.

त्या दिवशी तिनं बटणावरचं बोट काढलं आणि पुढं बघत बसली. दिवस कलला होता. हॉलमध्ये दिवा लावलेला नव्हता. पुष्कळ वेळानं, खाली घाटात, चप्पल वाजली. मग फरफट.

तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला, हात चादरीवर ठेवले. आवाज सावकाश वर चढत होता. मध्ये थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा निघायचा. एका वळणावर तो डाव्या अंगाला गेला, पुढच्या वळणावर उजव्या. मग चप्पल गळाली असावी, कारण नुसतीच फरफट उरली. श्वास ऐकू यायला लागला. ये, ती मनात म्हणाली. या पप्पा. मी थांबलेय.

अगदी पाठीशी येऊन तो थांबला. त्याच वेळी वेळ संपल्याची सूचना आली, आणि टीव्ही काळा झाला.

तिनं हेडफोन काढले. श्वास थांबला नाही. तो आता घरात होता.

काळ्या काचेत हॉल दिसत होता. दिवाण, दिवाणावर ती, शाळेच्या साडीत. तिच्यामागं दार, त्याला पडदा नव्हता. आणि दिवाणाच्या पाठीमागं, अगदी खाली, पांढऱ्या सदऱ्यातला एक खांदा श्वासाबरोबर वर-खाली होत होता. चेहरा दिवाणाच्या आड होता. वळलं असतं तर दिसला असता.

त्यासाठीच तर ती आठवडाभर बसली होती. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला. पण मग तिचाही चेहरा त्यांना दिसला असता. तिचे कान तापले. पोरं चोरी सापडल्यावर बोलतात तशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं,

"पप्पा, मी किचनमध्ये होते."

पाठीमागचा श्वास अडला. ती ओठ चावून बसली. शब्द परत घ्यायचे होते, पण तोंड उघडेना.

काचेतला खांदा हलला. तो दिवाणापासून दूर झाला, सावकाश फिरला. फरशीवर फरफट सुरू झाली, डावीकडं, किचनच्या दाराकडं. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता. एक हात पुढं टाकायचा, अंग ओढायचं, थांबायचं. उंबरा चढायला त्यांना फार वेळ लागला. तिला प्रत्येक धडपड ऐकू आली.

मग आत, अंधारात, ओट्याच्या पायथ्याशी भांडी हलली. डब्याचं झाकण गडगडत गेलं. ते तिला शोधत होते. इथं, मग तिथं, मग गॅसच्या सिलिंडरमागं. थोड्या वेळानं सगळं शांत झालं.

ती उठली नाही. आपण तिथं नव्हतो, हे त्यांना आता कळलं असणार.